फॅमिली म्हणजे नेमकं कोण?

'फॅमिली' हा शब्द इंग्रजीतून मराठीत आला आणि इथे आल्यावर त्यानं आपलं माप बदललं. "फॅमिलीला घेऊन आलोय," असं कुणी म्हणालं, तर त्याच्यासोबत आईवडील, भावंडं, पोरंबाळं असा सगळा गोतावळा असेल, असं आपण समजत नाही. बायको आलीय, एवढंच समजतो. "तुमची फॅमिली कुठली?" या प्रश्नाचं उत्तर बायकोच्या माहेराचं नाव सांगून द्यायचं असतं. आपल्याकडच्या हॉटेलांमध्ये पडदा लावलेली किंवा लाकडी पार्टिशन घातलेली एक जागा असते आणि वर पाटी असते 'फॅमिली रूम'. चार भाऊ मिळून आले तर त्यांना बाहेर बसवतात. एक बाई सोबत असली की आतला पडदा उघडतो. म्हणजे भाऊ-भाऊ फॅमिली नव्हेत. बाई आली की फॅमिली झाली.

इंग्रजी शिकलेली मंडळी याला हसतात. पण हसण्यासारखं त्यात काही नाही. 'कुटुंब' या आपल्या जुन्या शब्दाचंही हेच झालेलं आहे. "आमच्या कुटुंबाची तब्येत बरी नाही," असं म्हणणारी पिढी आपण पाहिली आहे. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रथम निघाला आणि त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ साली आली. त्यातही 'कुटुंब' या शब्दाचा एक अर्थ बायको असा दिलेला आहे. घरातल्या सगळ्यांसाठी असलेला शब्द एका माणसावर येऊन का थांबावा? या प्रश्नाचा माग काढायचा, तर आधी थोडं लांब, म्हणजे रोमला जावं लागतं.

इंग्रजी 'फॅमिली'चं मूळ लॅटिन भाषेतल्या 'फामिलिया' या शब्दात आहे. आणि 'फामिलिया' निघाला 'फामुलस'पासून. फामुलस म्हणजे नोकर, घरचा गुलाम. जुन्या रोमन कोशकारांनी हा शब्द शेजारच्या ऑस्कन भाषेतल्या, गुलाम याच अर्थाच्या 'फामेल'शी जोडून दाखवला आहे. तेव्हा 'फामिलिया'चा मूळ अर्थ आई, बाप आणि मुलं असा नव्हता. एका धन्याच्या ताब्यातली गुलाममाणसं, असा तो होता. पुढे अर्थ पसरला. धन्याच्या सत्तेखाली असलेली मुलं, नातवंडं, सुना, गुलाम असं सगळं घर त्यात आलं. इतकंच काय, घरची मालमत्ताही आली. इसवी सनापूर्वी ४५० च्या सुमारास रोमन लोकांनी आपले कायदे बारा पाट्यांवर लिहून काढले. त्यात वारसाहक्काच्या कलमात 'फामिलिया' हा शब्द चक्क इस्टेट या अर्थानं आलेला आहे. आखाड्यात झुंजणाऱ्या योद्ध्यांचा ताफा एका मालकाचा असे, त्यालाही फामिलियाच म्हणत.

या घराचा जो प्रमुख, त्याला 'पाटेर फामिलियास' म्हणत. पाटेर म्हणजे पिता, आपल्या 'पितृ' शब्दाचा सख्खा भाऊ. या पित्याचा अधिकार आज ऐकला तर अंगावर काटा येतो. बारा पाट्यांच्या कायद्यात असं एक कलम आहे की बापानं मुलाला तीन वेळा विकलं, तर मुलगा बापाच्या सत्तेतून मोकळा होतो. म्हणजे दोनदा विकून तो परत बापाकडे येऊ शकत होता! मुलगा कितीही मोठा झाला, अगदी राज्याच्या सर्वोच्च पदावर बसला, तरी बाप जिवंत असेपर्यंत कायद्यानं त्याच्या मालकीचं काही नसे. गुलामाला तर लग्नही करता येत नसे. त्याच्या जोडीदारासोबतच्या राहण्याला कायद्यात विवाह हे नाव नव्हतं. गुलाम मुक्त झाला, तर तो जुन्या धन्याचं कुलनाम लावी. सिसेरो या प्रसिद्ध वक्त्याचा टायरो नावाचा लेखनिक गुलाम होता. मुक्तीनंतर तो मार्कस टुलियस टायरो झाला, कारण सिसेरोचं नाव मार्कस टुलियस सिसेरो.

आणि आई? इथे खरी मेख आहे. जुन्या पद्धतीच्या लग्नात बायको नवऱ्याच्या सत्तेखाली जाई आणि तिचं कायदेशीर स्थान मुलीसारखं होई. पुढे दुसरी पद्धत रुळली. तिच्यात बाई नवऱ्याच्या घरी राहायची, पण कायद्यानं ती आपल्या बापाच्याच फामिलियात असायची. परिणाम असा की आई एका फामिलियात आणि तिनं जन्म दिलेली मुलं दुसऱ्या. आईच्या मिळकतीवर मुलांचा पहिला हक्क मान्य व्हायला इसवी सन १७८ उजाडावं लागलं. तिसऱ्या शतकातल्या उल्पियन नावाच्या कायदेपंडितानं फामिलियाचे अर्थ एकापुढे एक मांडले आहेत. शेवटी तो बाईपाशी येतो आणि म्हणतो की बाईचं कुटुंब तिच्यापासून सुरू होतं आणि तिच्यापाशीच संपतं. कायद्याच्या भाषेत त्याला एवढंच सांगायचं होतं की तिच्या हाताखाली कुणी नाही आणि तिच्यामागे तिचं नाव चालत नाही. मला मात्र कायद्याच्या पुस्तकातलं हे फार एकटं वाक्य वाटतं.

लॅटिनमधून हा शब्द युरोपच्या भाषांत उतरला, तेव्हा नोकरमाणसं त्याच्यासोबतच आली. सॅम्युअल पेपिस या लंडनच्या कारकुनानं १६६० साली रोजनिशी लिहायला घेतली. सुरुवातीलाच तो आपल्या फॅमिलीत तीन माणसं असल्याचं नोंदवतो. एक तो स्वतः, दुसरी बायको आणि तिसरी जेन नावाची मोलकरीण. त्याला त्यात काहीच वावगं वाटत नाही. पुढच्या दीडदोनशे वर्षांत मात्र जेन फॅमिलीतून हळूहळू बाहेर पडली. आईबाप आणि मुलं एवढाच अर्थ शब्दात उरला. जेनचं काम मात्र घरातून बाहेर पडलं नाही. भांडी, धुणं, चूल, पाणी तिथंच राहिलं. ज्या घरांना जेन परवडत नव्हती, तिथे ते बायकोकडे गेलं.

आता आपल्या गावात येऊ. मी राहतो त्या सोलापूरच्या भवानी पेठेत एका गल्लीत चार भाषा ऐकू येतात. मागावर बसणाऱ्या पद्मशाली घरांत तेलुगू, कुणाकडे कानडी, आमच्या घरात दखनी आणि सगळ्यांच्या मधे मराठी. तेलुगूत घराला 'इल्लू' म्हणतात आणि घरच्या बाईला 'इल्लालू'. दखनीत घर आणि घरवाली. मराठीत "घरात विचारून सांगतो" म्हणजे बायकोला विचारून सांगतो. तीन भाषांनी वेगवेगळ्या वाटेनं येऊन घर आणि बाई यांना एकाच खुंटीला टांगलं आहे. 'कुटुंब' हा शब्दही मूळचा द्राविडी भाषांतून संस्कृतात गेला असावा, असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. तसं असेल तर तेलुगू शेजाऱ्याचं 'कुटुंबम्' आणि आपलं कुटुंब हे उसनं घेतलेलं नातं नसून जुनं घरचं नातं ठरेल.

या शब्दाची मराठीतली पुढची गोष्ट रोमच्या गोष्टीशी इतकी जुळते की थक्क व्हावं. संस्कृतात 'कुटुम्बिन्' म्हणजे घर असलेला, घर चालवणारा. जुन्या शिलालेखांत आणि ताम्रपटांत जमीन कसणाऱ्या गृहस्थांचा उल्लेख या शब्दानं येतो. त्याच्यापासूनच 'कुणबी' हा शब्द झाला, असं भाषेचे अनेक अभ्यासक मांडतात. म्हणजे कुणबी हा खरा कुटुंबवाला, घराचा धनी. मग 'कुणबीण' म्हणजे कोण? कुणब्याची बायको, हा झाला सरळ अर्थ. पण पेशवाईच्या कागदांत 'कुणबीण' हा शब्द आणखी एका अर्थानं येतो. तो अर्थ आहे विकत घेतलेली किंवा सरकारात जमा झालेली दासी. मोल्सवर्थच्या कोशातही हा अर्थ नोंदलेला आहे. एकाच मुळापासून एक फांदी घराच्या धन्याकडे गेली आणि दुसरी घरच्या गुलाम बाईकडे.

या कुणबिणी आल्या कुठून? काही दुष्काळात विकल्या गेलेल्या, काही लढायांत पकडलेल्या. आणि काही अशा की ज्यांच्यावर बदकर्माचा, व्यभिचाराचा आरोप आला, घरानं आणि जातीनं ज्यांना टाकलं आणि सरकारनं ताब्यात घेऊन दासी केलं. त्यांना कोठारात धान्य निवडायला, दळणकांडणाला, गुरांच्या गोठ्यात, वाड्यातल्या कामाला लावत. कधी कुणा सरदाराला बक्षीस म्हणून देत. जी बाई कुटुंबातून काढली, ती दुसऱ्याच्या कुटुंबात कुणबीण म्हणून शिरली. काम तेच होतं. नातं तेवढं गेलं होतं. इंग्रज सरकारनं १८४३ च्या कायद्यानं गुलामीला कायद्याचा आधार देणं बंद केलं, आणि १८६० च्या दंडसंहितेनं माणसाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवला. तिथून पुढे कुणबिणीचा हा अर्थ बोलण्यातून गळून गेला.

हा काही एका धर्माचा किंवा एका दरबाराचा दोष नव्हता. फारसीत 'खानाजाद' असा शब्द आहे. खाना म्हणजे घर आणि जाद म्हणजे जन्मलेला. धन्याच्या घरी जन्मलेला गुलाम, हा त्याचा मूळ अर्थ. मोगल दरबारात मोठमोठे उमराव स्वतःला अभिमानानं बादशहाचे खानाजाद म्हणवून घेत. आमच्या बापजाद्यांपासून आम्ही या घरचे, असा त्यांचा भाव असे. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं आपल्याच जिल्ह्यात, भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला होती. त्या छावणीत असे कितीतरी खानाजाद वावरले असतील. घरचा गुलाम असणं ही तिथे शरमेची गोष्ट नव्हती, ते प्रतिष्ठेचं बिरुद होतं. घर राजाचं असलं की गुलामीलाही दर्जा येतो.

आणि रोममध्ये फामिलिया म्हणजे मालमत्ताही होती, असं मघाशी म्हटलं. सोलापूरकरांना त्याचा दाखला शोधायला दूर जायला नको. आपला भुईकोट किल्ला हाच एकदा आंदणात गेलेला आहे. अहमदनगरच्या हुसेन निजामशहानं आपली मुलगी चाँदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा सोलापूर तिच्या लग्नात आंदण म्हणून दिलं. पाठोपाठ १५६५ साली तालिकोटची लढाई झाली. दोन घराण्यांच्या सोयरिकीत एक मुलगी आणि एक गाव यांची एकाच यादीत नोंद झाली. पुढे याच मुलीनं अहमदनगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवला, हे इतिहासानं लक्षात ठेवलं. यादीतल्या दुसऱ्या नोंदीत, म्हणजे सोलापुरात, राहणाऱ्या रयतेला कुणी काही विचारल्याचं ऐकिवात नाही.

मराठीतले घराचे बाकीचे शब्द उलगडले, तरी असेच कामकरी आणि आश्रित सापडतात. 'परिवार' म्हणजे भोवती असणारे. मुळात राजाच्या भोवतालचे सेवक असा त्याचा अर्थ. देवळात मुख्य देवाच्या भोवती परिवारदेवता असतात, त्यात तो अर्थ अजून टिकून आहे. 'कुळ' म्हणजे वंश. आणि कुळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, खंड भरणारा. कुळांचे हिशेब ठेवणारा तो कुळकर्णी. आपल्याकडे १९४८ साली कुळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणारं कूळ जमिनीचं मालक ठरू लागलं. 'मोठं खटलं' म्हणजे भरलं घर, आणि 'खटला' म्हणजे कोर्टातलं प्रकरण. या दोन्ही शब्दांचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना हे जवळचे का हे समजावून सांगायला नको! 'कबिला' अरबीतून आला. तिकडे त्याचा अर्थ टोळी, जमात. मराठी बखरींत मात्र लष्करासोबत निघालेली बायकामुलं म्हणजे कबिले.

अरबीतूनच आमच्या बोलण्यात आलेला आणखी एक शब्द आहे, 'अयाल'. उर्दूत 'अहल-ओ-अयाल' असा जोडशब्द करतात. अयाल म्हणजे ज्यांना पोसण्याची जबाबदारी आपल्यावर आहे ती माणसं. इथे घराचा हिशेब उलट बाजूनं मांडलेला दिसतो. फामिलिया विचारतो, माझ्या हुकमाखाली कोण आहे? अयाल विचारतो, माझ्यावर अवलंबून कोण आहे? मराठीतला 'पोशिंदा' याच जातीचा शब्द. या शब्दांत माया जास्त आहे, यात शंका नाही. पण त्यांचीही एक अडचण आहे. पोसणारा एक आणि खाणारे अनेक, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. खाणाऱ्यांपैकी कितीजणी दिवसभर राबून त्या घासात भर घालतात, हे त्या शब्दांत मावत नाही.

सरकारला घर मोजायचं असतं, तेव्हा ते वंश विचारत नाही, हुकूम विचारत नाही. आपल्या जनगणनेत कुटुंबाची व्याख्या फार साधी आहे. जी माणसं सहसा एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरातलं जेवण घेतात, ते एक कुटुंब. मग त्यांच्यात रक्ताचं नातं असो वा नसो. आपल्या खेड्यांत 'चूल वेगळी झाली' म्हणतात, ते याहून वेगळं काय आहे? भिंत एकच असली तरी चुली दोन झाल्या की घरं दोन झाली. या मोजणीप्रमाणे पेपिसची जेन पुन्हा कुटुंबात येते. रोमन आई आपल्या मुलांच्या कुटुंबात येते. मला ही व्याख्या आवडते, कारण ती भाकरीवरून केलेली आहे.

पण त्याच फॉर्मवर पुढचा रकाना येतो, 'कुटुंबप्रमुख'. तिथे पाटेर फामिलियास पुन्हा हजर होतात. एकत्र हिंदू कुटुंबाच्या कायद्यात त्यांना 'कर्ता' म्हणतात. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि संपूर्ण देशानं २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हिस्सा दिला. थोरली मुलगीही कर्ता होऊ शकते, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१५ मध्ये दिला. मुस्लिम कायद्यात मुलीचा वाटा पहिल्यापासून ठरलेला आहे, मुलाच्या निम्मा. आणि तोही अनेक घरांत भावांसाठी 'सोडून' घेतला जातो, हेही सांगितलं पाहिजे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डापुरतं का होईना, घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई ही कुटुंबप्रमुख ठरवली. महाराष्ट्रानं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लावायचं ठरवलं. रोमन आईला जे मिळायला शतकं लागली, ते कागदावर आपल्याकडे एका पिढीत येत आहे.

तरीही लग्न झालं की मुलीचं नाव माहेरच्या रेशनकार्डावरून कमी करायचं आणि सासरच्या कार्डावर चढवायचं, हा नियमाचा भाग राहतो. मधल्या काही महिन्यांत ती कुठल्याच कार्डावर नसते. उल्पियनच्या वाक्यातली बाई मला तिथे दिसते, हातात नाव कमी केल्याचा दाखला घेऊन रांगेत उभी.

आमच्या पेठेत आणि सोलापूरच्या सगळ्या पूर्वभागात हा प्रश्न जास्त टोकदार होतो, कारण इथे घर म्हणजेच कारखाना आहे. मागाच्या घरात माग पुरुषाच्या नावावर असतो. कांड्या भरणं, सूत उकलणं, टॉवेलच्या दशा कापणं, घड्या घालणं हे घरातल्या बायका आणि म्हाताऱ्या करतात. त्यांना विचारलं तर "मी घरीच असते" म्हणतात. १९६१ च्या जनगणनेनं 'घरगुती उद्योग' असा रकाना केला खरा, पण "घरीच असते" असं सांगणारी बाई त्या रकान्यात जाणार कशी?

विडीच्या घरात याच्या उलट आहे. पानं, तंबाखू आणि दोरा कारखान्यातून आणायचा, घरी विड्या वळायच्या आणि हजाराच्या हिशेबानं परत द्यायच्या. तिथे पास बाईच्या नावावर असतो. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यानं घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हटलं, ही मोठी गोष्ट झाली. मिळकत तिची, नोंद तिची. पण अनेक घरांत एका पासावर तीन बायकांचे हात चालतात. सासू पानं कापते, सून वळते, शाळेतून आलेली मुलगी दोरा गुंडाळते. पासावर नाव एकीचंच. उरलेल्या दोघी कुटुंबात मोडतात. म्हणजे मोजल्या जात नाहीत.

सांगायचं ते इतकंच आहे. घरासाठी माणसानं जे जे शब्द केले, त्यांच्या मुळाशी राबणारी माणसं आहेत. फामिलियात गुलाम आहेत, परिवारात सेवक आहेत, कुळात जमीन कसणारा आहे, कुणबिणीत तर दासीच आहे. शब्द सभ्य होत गेले, तशी ही माणसं त्यांतून खाली उतरली. त्यांचं काम मात्र घरात राहिलं आणि ते ज्या एका माणसाच्या हातात आलं, तिलाच आपण कुटुंब म्हणू लागलो, फॅमिली म्हणू लागलो. अडाण्याची चूक म्हणून आपण ज्याला हसतो, त्या बोलण्यात दोन हजार वर्षांचा खरा हिशेब आहे. सगळं घर तिच्यावर उभं आहे, हे भाषेला कळलेलं आहे.

भाषेला जे कळलं, ते कागदाला कळायचं आहे. घराच्या उताऱ्यावर, मागाच्या कर्जावर, पासावर आणि शिरगणतीच्या रकान्यात राबणाऱ्या प्रत्येकीचं नाव तिच्या कामासकट लिहिलं जाईल, तेव्हा 'फॅमिली' या शब्दाचा एक नवा अर्थ कोशकारांना नोंदवावा लागेल. यापुढे शिरगणतीचा माणूस दारात येईल आणि विचारेल, "घरात कमावणारं कोण?" तेव्हा उत्तर द्यायला पुरुषानं पुढे होण्याआधी आत एकदा हाक मारावी. कांडी भरणारीला, पानं कापणारीला बाहेर येऊ द्यावं आणि तिनंच सांगावं.